चाकण वाढतंय: पाणी, गटार, वीज आणि येणाऱ्या कंपन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या चाकणमध्ये आणि आसपासच्या वाड्यांमध्ये कुठल्याही बैठकीला बसा, सोसायटीची असो, ग्रामसभा असो नाहीतर चहाच्या टपरीवरची, दोन विषय निघतातच. पाण्याची लाइन आमच्यापर्यंत कधी येणार, आणि नवीन कंपन्या येणार की नाही. लोक हे दोन वेगळे विषय म्हणून बोलतात. मला ते एकाच दोरीची दोन टोकं वाटतात, म्हणून इथे एकत्र घेतले आहेत. प्रश्न लोकांचे आहेत, उत्तरं या भागात राहणाऱ्या एका माणसाची. नियम सांगितलाय तिथे तो नियम आहे. मत आहे तिथे "मला वाटतं" असं म्हटलंय.

वाद नेमका कशाचा आहे?

संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही चाकणची जुनी ओळख. मग एमआयडीसी आली आणि तिचे टप्पे एकामागून एक पडत गेले. बजाज आधीच होती. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले, त्यानंतर महिंद्राचा. 2011 च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या 41 हजारांच्या आसपास भरली, आणि तेव्हा इथे ग्रामपंचायतच होती. नगरपरिषद झाली 2015 मध्ये. म्हणजे ज्या काळात गावाभोवती देशातला मोठा वाहन उद्योग उभा राहिला, त्या सगळ्या काळात गावाचा कारभार सरपंच, ग्रामसेवक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कर्मचारी ओढत होते. नळ, गटार आणि रस्ते मागे पडले ते तेव्हाच. आज आपण जे भांडतोय ते त्या मागे पडलेल्या वर्षांचं भांडण आहे.

आता तीन सूर ऐकू येतात. काही म्हणतात, पाइपलाइन आणि रस्ते आधीच लांबपर्यंत न्या, म्हणजे उद्योग आणि बिल्डर आपोआप येतील. काही म्हणतात, आहेत त्या लाइनीत आधी पाणी आणा. आणि काहींना आणखी कंपनी नकोच आहे. तिघांचंही काहीतरी बरोबर आहे.

एवढी मोठी एमआयडीसी असताना गावाला पाणी आणि गटार एमआयडीसी का देत नाही?

कारण तिचं कामच ते नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1961 च्या कायद्याखाली 1 ऑगस्ट 1962 रोजी स्थापन झालं. जमीन संपादन करायची, प्लॉट पाडायचे आणि त्या प्लॉटपर्यंत रस्ता, पाणी, दिवे पोचवायचे, हे तिचं काम. प्लॉटच्या कुंपणाच्या आत उद्योगाला काय लागतं याचा ती विचार करते. शिफ्ट सुटल्यावर त्या गेटमधून बाहेर पडणारा माणूस रात्री कुठे झोपतो, सकाळी कुठल्या नळाचं पाणी भरतो, त्याच्या खोलीतलं सांडपाणी कुठे जातं, हे तिच्या नकाशात नसतं.

तो माणूस झोपतो मेदनकरवाडीत, नाणेकरवाडीत, खराबवाडीत, महाळुंग्यात, कुरुळीत. एका मजल्यावर आठ-दहा खोल्या, प्रत्येकीत तीन-चार जण, मधे एक सामायिक न्हाणी. हे भाडं अनेक शेतकरी कुटुंबांचा आज आधार आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या खोल्यांचं पाणी, कचरा आणि मैला यांचा सगळा भार पडतो तो नगरपरिषदेवर आणि शेजारच्या ग्रामपंचायतींवर.

मला या सगळ्या वादात एकच गोष्ट सांगायची आहे ती ही: कारखान्याची सोय एमआयडीसी करते, कामगाराची सोय गावाला करावी लागते. नवीन कंपनीचं स्वागत करताना आपण फक्त पहिल्या वाक्याचा हिशेब मांडतो.

मग कंपन्यांचा कर मिळतोच की. तो कुठे जातो?

मोठा कर, म्हणजे जीएसटी, केंद्र आणि राज्याकडे जातो. स्थानिक संस्थेच्या हातात उरतो तो मालमत्ता कर. आणि तो मिळतो शेड ज्या गावाच्या हद्दीत आहे त्याच गावाला. चाकण एमआयडीसी म्हणतो खरं, पण तिचे बरेचसे कारखाने निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, वराळे या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. नाव चाकणचं, पण घरपट्टी त्या त्या गावची.

यातून विचित्र परिस्थिती होते. एका ग्रामपंचायतीकडे दोन-तीन मोठे कारखाने असल्याने उत्पन्न चांगलं, पण राहणारी माणसं कमी. तिला लागून असलेल्या वाडीत एकही कारखाना नाही, पण हजारो भाडेकरू. दोघींमध्ये फक्त एक ओढा. पहिलीच्या पैशाने दुसरीच्या वस्तीत पाइप टाकायची सोय आजच्या रचनेत सहजासहजी नाही.

सगळी गावं एकत्र करून महापालिका केली तर?

ऑगस्ट 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी चाकणच्या रस्त्यांची पाहणी करताना या परिसरासाठी स्वतंत्र महापालिका करावी लागेल असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हापासून हा प्रश्न रोज विचारला जातो.

मला वाटतं, हद्द एक व्हायलाच हवी. पाइपलाइन, नाला आणि कचऱ्याची गाडी यांना ग्रामपंचायतीची शीव कळत नाही. पण दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. एक, ज्या गावांचं उत्पन्न आज चांगलं आहे त्यांना सामील झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत काय मिळणार, हे लेखी. नाहीतर निघोज्याचा किंवा महाळुंग्याचा माणूस कशाला तयार होईल? दोन, शेतीत असलेल्या घरांवर शहरी दराने कर कधीपासून आणि किती टप्प्यांत लागणार. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये समाविष्ट झालेल्या गावांचा अनुभव सगळ्यांना माहीत आहे: कर आधी आला आणि ड्रेनेज खूप मागून. लोकांच्या मनात भीती आहे ती याची. ती खोटी म्हणून उडवून लावू नये.

भामा-आसखेड धरण आपल्या खेड तालुक्यात. मग पाण्याची ओरड का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त रागाने. म्हणून जरा आकड्यात बोलू.

भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावं असा केंद्राचा मानक आहे. गटार नसेल तर 70 लिटर. 41 हजार माणसांना 135 लिटरने दिवसाला लागतात सुमारे 55 लाख लिटर. वर्षाचे होतात 202 कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. म्हणजे 2011 च्या लोकसंख्येला वर्षभर पूर्ण पाणी द्यायला एका टीएमसीचा चौदावा भाग लागतो. आज भाडेकरू धरून दीड लाख माणसं मानली तरी पाव टीएमसीच्या थोडं वर. भामा-आसखेड सुमारे 8 टीएमसीचं धरण आहे.

तेव्हा धरणात पाणी नाही हे उत्तर नाही. अडचण आहे आरक्षणात. धरणातलं पाणी आधी कागदावर वाटलं जातं आणि मग पाइपमध्ये येतं. या धरणाचं पाणी 2021 च्या सुरुवातीपासून पुण्याच्या पूर्व भागाला जातं. पिंपरी-चिंचवडसाठीही यातून 167 एमएलडी (म्हणजे दिवसाला 167 दशलक्ष लिटर) मंजूर आहे. आंद्रा धरणाचं 100 एमएलडी पाणी इंद्रायणीत सोडून ते निघोज्याजवळच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. निघोजे म्हणजे चाकणचा उंबरठाच. मोठ्या महापालिकांकडे प्रस्ताव तयार करायला अभियंते असतात, स्वतःचा हिस्सा घालायला पैसा असतो, त्या रांगेत आधी उभ्या राहतात. ग्रामपंचायत असताना आपण त्या रांगेत नव्हतोच.

यात आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या जमिनी आणि घरं धरणात गेली त्यांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलनं केली, पुण्याची जलवाहिनीही त्यात अडली होती. त्यांचं म्हणणं पूर्ण होण्याआधी आपण "आमच्या तालुक्याचं पाणी" असं म्हणू लागलो तर त्यांना ते टोचणारच. चाकणने पाणी मागताना त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उद्योगांना पाणी दिलं तर शेतीचं जाईल का?

राज्याच्या धोरणात पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. 2011 मध्ये क्रम बदलून शेती दुसरी आणि उद्योग तिसरा करण्यात आला. कागदावर शेती उद्योगाच्या पुढे आहे. प्रत्यक्षात उद्योगाला पाणी बारा महिने लागतं आणि तो त्याचे पैसे जास्त दराने नियमित भरतो, म्हणून टंचाईच्या वर्षी ओढाताण होतेच. वाहन उद्योगाला कापड किंवा रसायन उद्योगाच्या मानाने पाणी कमी लागतं, एवढं चाकणचं नशीब.

पाण्याचा स्रोत आधी पक्का केला नाही तर काय होतं ते इचलकरंजीत बघा. यंत्रमागांचं शहर, पंचगंगा प्रदूषित, म्हणून आधी वारणेवरून योजना आखली. तिथल्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेवरून सुळकूड योजना आली, तिलाही कागल भागातून विरोध. योजना मंजूर, पैसा मंजूर, आणि नळाला पाणी नाही. नदीकाठच्या गावांशी बोलणी टेंडर निघाल्यावर सुरू केली की असं होतं.

हद्दीबाहेरच्या सोसायट्यांना आपल्या लाइनीवरून नळ द्यायचा का?

चाकणमधल्या जुन्या रहिवाशांचा यावर राग आहे: आमची टाकी, आमची नळपट्टी, पाणी बाहेरच्यांना. सोसायटीवाल्यांचाही राग आहे: आम्ही पन्नास लाखांचा फ्लॅट घेतला आणि टँकरवर राहतो.

माझं मत असं की नळ द्यावा, पण तीन अटींवर. मुख्य लाइनीपासून सोसायटीपर्यंतच्या पाइपचा खर्च बिल्डरने किंवा सोसायटीने भरावा. दर हद्दीतल्यापेक्षा जास्त असावा, कारण टाकी आणि जॅकवेलचा (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीचा) मूळ खर्च त्यांनी केलेला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइपचा व्यास त्या एका सोसायटीपुरता न धरता त्या रस्त्यावर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत येणाऱ्या वस्तीइतका धरावा. वाढीव व्यासाचा फरक नगरपरिषदेने किंवा पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) घालावा आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडणीकडून हप्त्याहप्त्याने वसूल करावा. आज असं होत नाही. आज पहिला बिल्डर त्याच्या पुरती चार इंची टाकतो, दुसरा तिच्या शेजारी आणखी एक, तिसरा पुन्हा रस्ता खोदतो. पाच वर्षांनी त्या रस्त्याखाली कुठली लाइन कुणाची हे वॉलमनलाही सांगता येत नाही.

टँकरचा हिशेब सोसायट्यांनी स्वतः मांडून बघावा. वर्षभर टँकरला जे जातं त्यात लाइनीचा वाटा किती वर्षांत फिटतो ते बघितलं की बैठकीतला सूर बदलतो.

गुंठेवारीतल्या, परवानगी नसलेल्या घरांना पाणी द्यावं का?

द्यावं. माणूस तिथे राहतोच आहे. नळ नाही दिला तर तो बोअर मारतो किंवा लाइन फोडतो. पाणी दिलं म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही, ते जोडणीच्या कागदावर स्पष्ट लिहिता येतं. पण मीटर लावूनच द्यावं.

आधी पाणी की आधी गटार?

दोन्ही एकाच वेळी, आणि पैसा एकाच कामापुरता असेल तर मी गटार म्हणेन. हे ऐकून लोक चमकतात.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. 55 लाख लिटर पाणी दिलं की 44 लाख लिटर सांडपाणी रोज तयार. सध्या दाट वस्त्यांत ते सेप्टिक टँकमध्ये, शोषखड्ड्यात किंवा सरळ ओढ्यात जातं. शोषखड्डा आणि बोअर एकाच गुंठ्यात असले की त्या बोअरचं पाणी कसलं असेल ते सांगायला नको. नळाला पाणी वाढलं आणि गटार नसलं तर हा सगळा प्रकार दुप्पट होतो.

आपले ओढे-नाले शेवटी इंद्रायणी आणि भामेला मिळतात. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिलाय, वारीच्या तोंडावर तर दर वर्षी. तो फेस एकट्या चाकणचा नाही. लोणावळ्यापासून देहू, पिंपरी-चिंचवड, सगळ्यांचं सांडपाणी आणि कारखान्यांचंही त्यात आहे. पण आपला वाटा आहे, आणि माउलींच्या दारात आपण तो सोडतोय याची मला लाज वाटते.

भुयारी गटाराचं काम अवघड असतं. रस्ते खोल खोदावे लागतात, पावसाळ्यात थांबतं, उद्घाटनाला दिसण्यासारखं काही नसतं. पाण्याची टाकी लांबून दिसते. म्हणून निवडणुकीआधी टाक्या होतात. मतदाराने गटाराबद्दल विचारायला सुरुवात केली तरच हे बदलेल.

पैसा कुठून येणार?

केंद्राची शहरी पाणी आणि सांडपाण्यासाठीची अमृत 2.0 योजना 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाली. तिच्यात एक लाखाच्या आतल्या शहरासाठी प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा ठरला, उरलेला राज्य आणि नगरपरिषदेचा. राज्याचं नगरोत्थान अभियान आहे. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. थोडक्यात, बांधायला पैसा मिळतो.

एक खोच मात्र आहे. निधीचे बहुतेक हिशेब जनगणनेवर चालतात, आणि 2011 च्या जनगणनेत नसलेला कामगार कुठल्याच हिशेबात नसतो. तो पाणी पितो, पण कागदावर नाही. योजना आखताना मतदारयादी न बघता वीजमीटर, गॅसजोडण्या आणि भाड्याच्या खोल्या मोजा, ही मागणी प्रत्येक सभेत व्हायला हवी.

मग नळपट्टी का वाढते? योजना तर सरकारने बांधून दिली.

बांधली सरकारने, चालवायची आपण. साधा हिशेब करू. 55 लाख लिटर पाणी नदीपासून टाकीपर्यंत 80 मीटर चढवायचं आहे असं धरा. पंपाची कार्यक्षमता 65 टक्के मानली तर रोज साधारण 1,850 युनिट वीज लागते. युनिटला 8 रुपये धरले तर दिवसाला 14-15 हजार रुपये, वर्षाला 54 लाख. 8,200 नळजोडण्या असतील तर प्रत्येकीवर वर्षाला साडेसहाशे रुपये. आणि ही फक्त वीज झाली. तुरटी, क्लोरीन, पंपाची दुरुस्ती, वॉलमनचे पगार, फुटलेली लाइन, सगळं यावर.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं तर याहून कडक. ते चालवलं नाही तरी कुणाच्या घरचा नळ बंद होत नाही, म्हणून पैसे कमी पडले की पहिलं तेच बंद पडतं. राज्यात अशी बंद पडलेली केंद्रं शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यामुळे नळपट्टी वाढणार, आणि वाढायला हवी. पण मीटरप्रमाणे. दोन खोल्यांत राहणारं कुटुंब आणि चाळीस खोल्या भाड्याने दिलेला मालक यांना एकच वार्षिक नळपट्टी हा अन्याय आहे. भाड्याच्या खोल्यांना व्यावसायिक आणि घरगुती यांच्या मधला दर लावावा, असं मला वाटतं. आमच्याच भावकीतल्या काहींना हे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

विजेचं काय? कारखान्यांमुळे आपला लोड कमी होतो का?

मोठे कारखाने उच्चदाबाच्या स्वतंत्र फीडरवर असतात. त्यांच्यामुळे तुमच्या घरचे दिवे मंद होत नाहीत. उलट उद्योगांना लागणाऱ्या जास्त दरातून घरगुती दर काही प्रमाणात सावरला जातो. घरचे दिवे मंद होतात ते डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) मंजुरीपेक्षा जास्त खोल्या जोडल्यामुळे. एका घराचा मीटर, त्यावर तीन मजले चढले, डीपी तोच. उन्हाळ्यात फ्यूज जातो आणि आपण महावितरणच्या कर्मचाऱ्याला दोष देतो.

नव्या लेआउटला डीपी आणि केबलचा खर्च विकसक स्वतः करू शकतो; मग महावितरण फक्त देखरेखीचा आकार घेतं. फ्लॅट घेताना हे काम पूर्ण झालं का आणि किती किलोवॅटसाठी, हे बिल्डरला विचारा.

आधी पाइप, रस्ते, वीज तयार ठेवली तर उद्योग येतील, हे खरं का?

काही ठिकाणी खरं ठरलं. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला ऑरिक उभारताना आधी भुयारी वाहिन्या, रस्ते, पाणी केलं आणि मग प्लॉट दिले. 2019 मध्ये उद्घाटन झालं आणि अलीकडच्या काळात तिथे मोठ्या वाहन कंपन्यांनी जागा घेतल्या. पण त्यामागे दिल्ली-मुंबई कॉरिडॉरचा, म्हणजे केंद्र आणि राज्याचा पैसा होता, नगरपरिषदेचा नाही. आणि त्याच जिल्ह्याच्या शहरात, जायकवाडीसारखं धरण जवळ असताना, लोकांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी मिळत आलंय. उद्योगाच्या प्लॉटला अखंड पाणी आणि त्याच उद्योगात काम करणाऱ्याच्या घरी ड्रम भरून ठेवलेले. मी वर म्हटलं ते हेच.

घोषणेच्या भरवशावर गावाने स्वतःचा पैसा घालू नये, याची उदाहरणं मात्र आपल्याच परिसरात आहेत. विमानतळ चाकण-राजगुरुनगर भागात होणार म्हणून किती वर्षं चर्चा चालली, जमिनींचे भाव कुठे गेले. 2016 मध्ये तो पुरंदरकडे सरकला. 2022 मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातेत गेला, आणि पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. जाहीर झालेला प्रकल्प आणि कामाला लागलेला प्रकल्प यांत फार अंतर असतं. आज जिथे माणसं राहतात तिथे टाकलेला पाइप कधीच वाया जात नाही. माळावर टाकलेला जातो.

एक मोठी कंपनी बरी की शंभर छोट्या?

तळेगावच्या जनरल मोटर्सकडे बघा. 2008 मध्ये सुरू झाली, 2020 च्या अखेरीस उत्पादन थांबलं, पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला. मधली तीन वर्षं कामगारांची कोर्टकचेरी, बंद गेट आणि आसपासच्या रिकाम्या खोल्या. एकाच कंपनीच्या भरवशावर गाव उभं राहिलं असतं तर कोलमडलं असतं. चाकणला मोठ्यांबरोबर शेकडो सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने आहेत, ती त्याची ताकद आहे. पण तेही बहुतेक वाहनांचेच. गाडीला मंदी आली की सगळ्यांना एकदम येते. शीतगृह, कांदा साठवण आणि प्रक्रिया असे उद्योग इथे आणखी का वाढू नयेत? माल इथलाच आहे.

स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या मिळतात ना?

सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी तशी अट आहे. पण त्या नियमात "स्थानिक" म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. खेड तालुक्यातला असं नव्हे. लातूरचा, जळगावचा मुलगाही स्थानिकच, आणि त्याचाही हक्क आहे. शिवाय आज बहुतेक भरती कंत्राटदारामार्फत होते, कायम कामगार थोडे. जमीन दिलेल्या घरातल्या मुलाला कायमची नोकरी हवी असेल तर ते संपादनाच्या वेळी करारात लिहून घ्यावं लागतं. नंतर गेटवर मोर्चा नेऊन मिळत नाही.

कुठल्या उद्योगाला नाही म्हणावं?

प्रदूषण मंडळ प्रदूषणाच्या शक्यतेनुसार उद्योगांची लाल (सगळ्यात जास्त), नारिंगी, हिरवी, पांढरी वगैरे अशी वर्गवारी करतं. लाल गटातला उद्योग वाईटच असं नाही, पण त्याच्या आणि वस्तीच्या मध्ये मोकळं अंतर हवं. डोंबिवलीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये कारखान्यांत स्फोट झाले तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं गेली. कारखाने आधी होते, घरं नंतर त्यांच्या भिंतीला जाऊन टेकली. आपल्याकडे महाळुंगे-खालुंब्रे भागात घरं आणि शेड तशीच सरकत सरकत जवळ येत आहेत. ते अंतर आजच विकास आराखड्यात राखून ठेवता येईल. दहा वर्षांनी कुणालाच नाही.

चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी?

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता एकाच चौकात आडवे येतात आणि त्यावर कंटेनर, कामगारांच्या बस, कांद्याच्या पिकअप सगळं. उन्नत मार्गाचं काम महामार्ग विभागाचं, आतले रस्ते एमआयडीसीचे, चौकातली अतिक्रमणं नगरपरिषदेची. एकाने केलं आणि दुसऱ्याने नाही, तर फरक पडत नाही.

सामान्य माणसाने हे कुठे बोलायचं?

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. बहुतेक लोक त्या काळात फक्त आपल्या गटावर आरक्षण पडलंय का तेवढं बघतात. ते बघाच. पण त्याच अर्जात दुसरा परिच्छेद लिहा: आमच्या वस्तीचं सांडपाणी कुठल्या केंद्रात जाणार, त्या केंद्राची जागा नकाशात कुठे आहे, पाण्याची टाकी कुठे, नाल्याची हद्द किती मीटर धरली आहे. गट नंबर घाला, नकाशाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. सुनावणीला बोलावतात तेव्हा एकट्याने जाऊ नका. गल्लीतले दहा जण घेऊन जा, आणि त्यात खोलीत राहणारे दोन भाडेकरूही असू द्या. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, पण पाणी तेही भरतात.